बरगडीखालचा वण

त्याच्या डाव्या बरगडीखाली एक वण होता. वाकलेला खिळा ठोकून सरळ करायला घ्यावा आणि अर्ध्यातच सोडून द्यावा, तसा. अकरा टाक्यांचा.

काच चार फूट बाय सहा फूट होती. गाडीतून उतरवून दुकानात न्यायची, एवढंच काम. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला त्याचा मेहुणा. दाराच्या पायरीशी मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमची बाजू जरा वर घ्या." त्याने वर घ्यायचं ठरवलं, हातांनी ऐकलं नाही. आधी काच वाकली, मग तिच्यातून एक रेघ मुकाट धावत गेली, आणि आवाज त्यानंतर आला.

टाके घालताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काच जड नव्हती हो. तुम्ही हलके आहात."

हे वाक्य टाक्यांपेक्षा जास्त दिवस दुखलं.

तो फ्रेमवाला होता. वय एक्केचाळीस, वजन बावन्न. दुकान वडिलांचं, दहा बाय सोळाचं. भिंतीवर पट्ट्यांच्या नमुन्यांचे कोपरे टांगलेले, सोनेरी, काळे, अक्रोडी. घरं वाहून गेल्यावर नुसती छपरं उरावीत तसे. लोकांचे चेहरे यायचे आणि काचेमागे जाऊन बसायचे. लग्नाचे फोटो न्यायला लोक महिना महिना फिरकत नाहीत, मेलेल्याचा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी हवा असतो, हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं. त्याचा स्वतःचा फोटो एकच, लग्नातला. त्यात कोट मागून आणलेला होता. कोटाचे खांदे एकीकडे संपत होते आणि त्याचे त्याच्या बरेच आधी. बायको अजून म्हणायची, "माझं लग्न कोटाशी लागलं. आत कोण होतं ते नंतर कळलं."

जिम त्याच रस्त्याच्या टोकाला होती, सोफ्याच्या गाद्या भरणाऱ्याच्या दुकानावर. जिन्यात फोमचा वास यायचा आणि वर घामाचा. तिथे तो शरीर कमवायला गेला नव्हता, सहा फ्रेमा पोचवायला गेला होता. प्रत्येक फ्रेमला दोन खिडक्या. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. डावीकडे सुटलेलं पोट किंवा मोजता येतील अशा फासळ्या, उजवीकडे तोच माणूस, घडवलेला. चेहरा कुणालाच नव्हता. सगळे गळ्यापाशी कापलेले. "चेहरा दिसला की लोक शरीर बघत नाहीत," ट्रेनर म्हणाला होता.

ट्रेनर अठ्ठावीस-एकोणतीसचा. जिममध्ये सगळे त्याला सर म्हणायचे, बापाच्या वयाचेसुद्धा. फ्रेमवाला त्याला आधीपासून ओळखत होता. दोन वर्षांपूर्वी त्याने आईसाठी स्वतःचा स्पर्धेतला फोटो फ्रेम करून नेला होता. तेल लावलेलं अंग, निळी चड्डी, कमरेला चौदा नंबरचा बिल्ला. "बिल्ला माउंटखाली झाका," तो म्हणाला होता. माउंट म्हणजे फोटोभोवतीचा पुठ्ठ्याचा कापलेला काठ. "दुसरा आलो होतो. नंबर दिसला की लोक निकाल विचारतात." बिल्ला झाकायचा आणि मांडी कापायची नाही, हे जमवायला फ्रेमवाल्याची अख्खी दुपार गेली होती. त्या दुपारी त्याने ते शरीर इंच इंच पाहिलं होतं, एखाद्या शहराचा नकाशा पाहावा तसं. उजव्या कोपराच्या वर एक शीर दोन फांद्यांत फुटत होती. पोटावरच्या चौकोनांत डावीकडचा सर्वांत खालचा चौकोन उजव्यापेक्षा बोटभर खाली उतरला होता.

सहा फ्रेमा भिंतीवर लागल्यावर सरांनी त्याच्याकडे पाहिलं. खोकताना तो डावी बाजू दाबून धरत होता.

"काका, काय झालं?"

त्याने शर्ट वर करून दाखवला. टाके चार दिवसांपूर्वीच निघाले होते. वण लाल होता, कडेने फुगलेला.

"काचेनं?"

"काचेनं. माझ्याच."

सरांनी त्याचा दंड दोन बोटांत धरला. अंगठा आणि तर्जनी जवळजवळ भिडली. मागून कुणीतरी बोललं, "आले आमचे काडीपैलवान!" आणि जिमभर हसू फिरलं. सर हसले नाहीत. पुढे तीन वर्षं त्याने सरांवर जो विश्वास टाकला, त्याचं मूळ एवढंच होतं. त्या दिवशी हसायला भरपूर जागा असताना हा एक माणूस हसला नव्हता.

"उद्यापासून या," सर म्हणाले. "आधीचा फोटो आजच काढू. शर्ट काढा. खांदे पाडा. अजून पाडा. पोट सोडा."

"सुटायला पोट नाही सर."

"मग श्वास सोडा."

तो होता त्यापेक्षा थोडा जास्त मोडलेला दिसला पाहिजे, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते मन लावून केलं. वण झाकायला हात आडवा धरला, तर सरांनी तो बाजूला केला. "राहू दे. हाच वण नंतरच्या फोटोत दिसला पाहिजे. चेहरा नसला तरी लोकांना कळेल, माणूस तोच आहे."

घरी जाता जाता हे वाक्य त्याने दोन-तीनदा मनात म्हणून पाहिलं. माणूस तोच आहे.

सातवी फ्रेम त्याने स्वतःसाठी केली. अक्रोडी पट्टी, पांढरं माउंट, दोन खिडक्या. मागून पुठ्ठा बसवून कडेने तपकिरी कागदी पट्टी चिकटवली, वडील चिकटवायचे तशी, कोपऱ्यावर दुमडून. डावीकडे तो. उजवीकडे काहीच नाही, नुसता राखाडी पुठ्ठा. "अशीच लावू," सर म्हणाले. "रोज बघा. ही खोली तुम्हाला भरायची आहे."

जिममधली पोरं त्या रिकाम्या खिडकीवर तुटून पडली. एकाने खाली चिठ्ठी लावली, 'खोली भाड्याने देणे आहे'. तो ती वाचून हसला. मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून काढून खिशात घातली.

पहिल्या दिवशी नुसता रॉड होता, वीस किलोचा, वजन न लावलेला. बाकड्यावर उताणं पडून छातीपर्यंत आणायचा आणि वर ढकलायचा. आला तो छातीवर बसला. उठेना. डोक्यामागे सर उभे होते. त्यांनी रॉडखाली दोन बोटं घातली, दोनच.

"सोडू नका. मी आहे."

रॉड उठला. खालून पाहताना सरांचा चेहरा उलटा दिसायचा. आधी हनुवटी, मग नाकपुड्या, मग डोळे. तीन वर्षं रोज सकाळी त्याने तो चेहरा तसाच पाहिला. रस्त्यात सर समोरून सुलट आले की क्षणभर परके वाटायचे.

घरात अंडी आली. सकाळी सहा, संध्याकाळी दोन. बायको एका शाळेच्या कार्यालयात कारकून होती. तिला साडेनऊला निघायचं असायचं आणि शेगडीवर नेहमी अंडी उकळत असायची. "कोंबडी पाळली असती तर तिनंसुद्धा राजीनामा दिला असता," ती म्हणायची. खाल्लेलं अंगाला लागत नाही, हे त्याच्याबद्दल लहानपणापासून बोललं जायचं. आता लागायला लागलं. हळू, कंजूसपणे. छाती तेहतीसची चौतीस व्हायला पाच महिने लागले. दंड साडेआठाचा नऊ झाला तेव्हा त्याने दुकानातली मोजपट्टी दंडाभोवती गुंडाळून मेहुण्याला बोलावलं.

"बघ."

मेहुण्याने पट्टी पाहिली, मग दंड पाहिला. "दाजी, अर्धा इंच म्हणजे आपल्या धंद्यात खूप झालं. अर्ध्या इंचात आख्खी बॉर्डर जाते."

झोपताना बायको वणाला मलम चोळायची. डॉक्टरीणबाईंनी सहा महिने सांगितलं होतं, ती नंतरही चोळत राहिली. वण लाल होता, मग जांभळा झाला, मग तपकिरी. छाती वाढली तशी तिथली कातडी ताणली, वण रुंद आणि चपटा झाला. तिसऱ्या वर्षी तो पांढुरका दिसायचा, पेन्सिलीची रेघ खोडून टाकल्यावर कागदावर जी लकाकी उरते तसा. "हा आता सुखानं झोपलाय," ती एकदा बोट फिरवत म्हणाली.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याने साठ किलो उचलले. सरांची दोन बोटं रॉडखाली होती, पण टेकली नव्हती. निदान सर तसं म्हणाले. "बघा! मी हातसुद्धा लावला नाही." आणि पाठीवर थाप मारून पहिल्यांदाच म्हणाले, "वा, भाऊ!"

काकाचा भाऊ झाला. त्या दिवशी त्याने चार बाय सहाची काच गाडीतून एकट्याने उतरवली. मेहुणा दोन्ही हात पुढे करून बाजूने चालत होता, चालायला शिकणाऱ्या मुलाबरोबर चालतात तसा. काच आत आली, भिंतीला टेकली. दोघंही तिच्याकडे बघत राहिले. त्यात ते दोघे दिसत होते आणि मागे रस्ता.

"आता डॉक्टरीणबाईंना बोलवायचं का, बघायला?" मेहुण्याने विचारलं.

"त्यांना नको," तो म्हणाला. "फोटो झाला की भिंतीवर दिसेलच."

त्याला दुसरं काही नको होतं. स्पर्धा नको, तेल नको, बिल्ला नको. आयुष्यभर तो लोकांना काचेमागे बसवत आला होता. आता एका काचेमागे त्याला त्याची जागा हवी होती, आणि ती जागा त्याने स्वतःच कापून ठेवली होती, सात इंच बाय दहा.

तिसऱ्या वर्षी सर म्हणाले, "आता फोटोची तयारी." बारा आठवडे. भात गेला, साखर गेली, शेवटी मीठ गेलं. त्याचं तोंड उतरलं. बायको म्हणाली, "शरीर होतंय आणि माणूस जातोय." तो चिडला, मग चिडल्याबद्दल स्वतःवर चिडला, मग एक अंडं जास्त खाल्लं. बारा आठवडे संपले त्या दिवशी सकाळी आठ वाजता सरांनी त्याला पूर्वेच्या खिडकीपाशी उभं केलं. उजेड बाजूने येत होता.

फोनवर त्याने जे पाहिलं ते त्याने आधी कधी पाहिलं नव्हतं. खांदे रुंद नव्हते, पण त्यांना कोपरा आला होता. आणि कोपरा नीट जुळला आहे की नाही हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. गळ्याखालच्या खड्ड्यांत मांस भरलं होतं. पोटावर तीन आडव्या रेघा, पुसट, पण होत्या. आणि डावीकडे, बरगडीखाली, झोपलेला वण.

"सर, हा मी?"

"मग कोण?"

सरांनी फोन परत घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. लहान केला. पुन्हा मोठा केला. "छान," म्हणाले, आणि फोन खिशात गेला.

त्यानंतर तीन आठवडे काही झालं नाही. छापणारा गावाला गेला होता. मग छापणाऱ्याचं मशीन बिघडलं. मग सर म्हणाले, "होईल हो, घाई काय," आणि त्या घाईगर्दीत भाऊ म्हणायचे राहून गेले. सरांचे दिवस धावपळीचे होते. मोठ्या रस्त्यावर दुसरी जिम निघणार होती, भागीदार बघायला यायचे होते. भिंतीला रंग दिला, आरसे पुसले. रिकामी खिडकी आता सरांच्याच डोळ्यांत खुपत असणार.

आणि एका सोमवारी सकाळी तो जिना चढून वर आला तर टाळ्या वाजल्या.

सगळे सातव्या फ्रेमखाली जमले होते. खिडकी भरली होती. डावीकडे तो होता, खांदे पाडलेला, श्वास सोडलेला. उजवीकडे एक शरीर होतं. छाती दोन फरश्यांसारखी, पोटावर आठ चौकोन, दंड मांडीएवढे. आणि डाव्या बरगडीखाली वण.

"काका! एवढं सगळं त्या ढगळ टी-शर्टात लपवून ठेवलं होतं?"

"काडीपैलवान म्हणणाऱ्यांनी कान धरा रे!"

कुणीतरी त्याचा हात हातात घेतला. कुणीतरी खांद्यावर थाप मारली आणि खांदा हाताला जरा लहान लागला असावा, कारण थाप तिथेच थबकली. सर गर्दीच्या मागे उभे होते. त्यांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली, हसले.

तो फोटो बघत होता. वण लाल होता. कडेने फुगलेला. टाके चार दिवसांपूर्वी निघाल्यासारखा. तीन वर्षांत वणसुद्धा जुना होतो. हा झाला नव्हता. डावीकडच्या फोटोतून तो उचलून उजवीकडे आणून बसवला होता. आणि उजव्या कोपराच्या वर शिरेला फांद्या फुटल्या होत्या, दोन. डावीकडचा खालचा चौकोन बोटभर खाली होता. चड्डी मात्र निळी नव्हती, काळी केली होती. बिल्ला कुठेच नव्हता. या वेळी माउंटची गरज लागली नव्हती.

केसाने गळा कापतात म्हणतात. इथे तो आधीच कापलेला होता, सगळ्यांचाच, भिंतभर. तो मध्ये येऊन उभा राहिला होता एवढंच.

"बोला काका, काहीतरी बोला!"

सगळे थांबले. तेव्हा तो बोलू शकला असता. पुढे त्याने हा क्षण शंभर वेळा उलगडून पाहिला आणि प्रत्येक वेळी तो त्यात तसाच उभा होता, समोर पंधरा-वीस हसरे चेहरे. जन्मात त्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"सरांची कृपा," तो म्हणाला.

बायकोला त्याने दोन दिवसांनी आणलं. तिला बोलावायचं असं तीन वर्षांपासून ठरलेलं होतं. न बोलावणं म्हणजे सांगून टाकणंच होतं. जिना चढताना त्याच्या मनात एक विचार होता आणि तो विचार इतका हलकट होता की त्याने तो नीट पाहिलाही नाही: हिला कळलं नाही तर? हिला कळलं नाही तर तो मीच.

सरांनी खुर्ची पुढे केली. "या काकू. बघा आमची करामत."

ती बसली नाही. पर्स दोन्ही हातांत धरून फ्रेमसमोर उभी राहिली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला.

"छान आहे," ती म्हणाली. "मेहनत दिसते."

जिन्यात, फोमच्या वासात, दोन पायऱ्या उतरल्यावर तिने विचारलं, "अहो, हा कोण?"

तो पायऱ्या बघत उतरत राहिला.

"आपला वण त्याच्या अंगावर कशाला लावलाय?"

आपला वण, ती म्हणाली. तिसऱ्या पायरीवर त्याने कठडा धरला. ती थांबली, पण मागे वळली नाही. त्याचं तोंड तिला तेव्हा बघायचं नव्हतं, किंवा त्याला ते दाखवावं लागू नये असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जिममध्ये गेला. दुपारी तिथे कुणी नसतं. आरशांत नुसती वजनं दिसत होती. सर कोपऱ्यातल्या टेबलाशी डब्यातून उकडलेलं चिकन खात होते.

"आज दुपारी? या काका, बसा."

"काचेत धूळ गेलीय," तो म्हणाला, आणि फ्रेम भिंतीवरून उतरवून बाकड्यावर पालथी ठेवली.

मागची पट्टी त्याची नव्हती. पारदर्शक चिकटपट्टी होती, वाकडीतिकडी, कोपरे न दुमडलेले. इतका वेळ त्याला जे दुखत होतं त्याला नाव नव्हतं. ही पट्टी बघून पहिल्यांदा राग आला.

"राहू द्या हो, मी पुसून घेईन."

त्याने नखाने पट्टी सोलली. खिळे उचकटले. पुठ्ठा काढला. पुठ्ठ्याखाली, 'नंतर'च्या खिडकीमागे, फोटोची पांढरी पाठ होती, आणि ती उचलली तर खाली आणखी एक पाठ. त्याला कळायला वेळ लागला नाही. पातळ कागदावरचा फोटो काचेशी नीट बसत नाही, लाटा येतात. म्हणून मागे काहीतरी भर घालावी लागते. जुनं कॅलेंडर, पुठ्ठा, काहीही. हे सरांना त्यानेच कधीतरी सांगितलं होतं.

हातातला कागद त्याने उलटला. पूर्वेची खिडकी. कोपरा आलेले खांदे. तीन पुसट रेघा. झोपलेला वण.

छापणारा गावाला गेला नव्हता. मशीन बिघडलं नव्हतं. त्याचा फोटो छापून आला होता, नीट, सात बाय दहा, आणि पुढच्या फोटोला लाटा येऊ नयेत म्हणून मागे घातला होता.

सरांनी डब्याचं झाकण लावलं. बराच वेळ लावत होते.

"पुढचा फोटो तुमच्या आईकडचा आहे," तो म्हणाला.

"काका, ऐका माझं."

"चौदा नंबर."

"ऐका तर. तुमची मेहनत खरी आहे. मी कुठे नाही म्हणतो? पण मेहनत जवळून दिसते. भिंतीवरचं दहा फुटांवरून दिसायला लागतं. उद्या भागीदार येतील, विचारतील, किती दिवस लागले? तीन वर्षं. आणि झालं काय? हे." त्यांनी त्याच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं आणि लगेच खाली घेतलं. "तीन वर्षं मी शिकवलं आणि एवढंच झालं, हे मी माझ्याच भिंतीवर कसं लावू?"

"एवढंच?"

"म्हणजे तुमच्या मानानं खूप झालं. तुमची हाडंच बारीक, त्याला कोण काय करणार?"

"हे पहिल्या दिवशी माहीत होतं तुम्हाला?"

सरांनी डबा बाजूला सरकवला.

"दंड धरला होतात तेव्हा?"

"सगळ्यांनाच नंतर नसतं हो काका," सर अगदी हळू म्हणाले. त्यात दुष्टपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्याला धरून उभं राहता आलं असतं. "पण आधी प्रत्येकाला असतं. जिम त्यावरच चालते. आणि तुम्हाला टाळ्या मिळाल्या ना? मी त्या पोरांना सांगितलं होतं, काकांसाठी जोरात वाजवा."

म्हणजे टाळ्याही.

त्याने खिशातून मऊ फडकं काढलं आणि काच पुसली, दोन्ही बाजूंनी, कारण काच उघडल्यावर न पुसता बंद करणं त्याच्याच्याने झालं नसतं. मग दोन्ही कागदांची जागा बदलली. पूर्वेची खिडकी पुढे, चौदा नंबर मागे. पुठ्ठा ठेवला, खिळे अंगठ्याने दाबले. सर बघत होते. त्यांनी अडवलं नाही. फ्रेम भिंतीवर गेली, जरा तिरकी झाली, त्याने एका बोटाने सरळ केली.

"तुमची मर्जी," सर म्हणाले. "भागीदार पुढच्या आठवड्यात येणार आहेत. तोवर राहील."

तो घरी गेला. बायकोला म्हणाला, "आता मी आहे तिथे." ती म्हणाली, "बरं झालं," आणि दोन अंडी सोलून पुढ्यात ठेवली. रात्री त्याला चांगली झोप लागली. त्याला वाटलं, उद्या लोक बघतील, विचारतील, आणि मग सगळं उघडं पडेल. मला काही बोलावंच लागणार नाही. खरं ते काचेमागे आहे, तेच बोलेल.

सकाळी ते बोललं.

"काका!" जिन्याच्या तोंडाशीच एकाने गाठलं. "अहो, काय हे? आठवड्यात एवढे उतरलात?"

"आजारी होता काय?"

"नवा फोटो लावला सरांनी. बघा ना, कुठलं होतं कुठे गेलं! पोट गेलं, दंड गेले."

"वणसुद्धा फिका पडला बघ काकांचा."

"जिम सोडली की असंच होतं. एकदा खंड पडला की संपलं."

"मी एक दिवस खंड पाडलेला नाही," तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. त्याने गर्दीतून सरांकडे पाहिलं. सर आरशाजवळ एका नव्या माणसाला उभं करून त्याचे खांदे पाडून घेत होते. त्यांनीही पाहिलं. आता बोलायचं काम त्यांचं होतं. एकच वाक्य पुरलं असतं, आणि जिममध्ये ते वाक्य दोघांनाच येत होतं.

सर पुढे आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काकांना मी सांगितलं होतं, खाण्यात कसूर करू नका. काही हरकत नाही. पुन्हा सुरुवात करू. काय काका?"

सगळ्यांनी माना हलवल्या. एक जण कळवळून म्हणालासुद्धा, "होईल हो पुन्हा. एकदा कमावलेलं शरीर विसरत नाही."

खांद्यावरचा हात चांगला जड होता. तो त्याखालून निघाला, बाकड्याशी गेला. रॉडवर कालचं वजन होतं, त्याचंच, साठ किलो. तो उताणा झाला. डोक्यामागे पावलं वाजली, चेहरा उलटा आला. हनुवटी, नाकपुड्या, डोळे. दोन बोटं रॉडखाली सरकली.

"घ्या. मी आहे."

"नको."

"अहो, साठ आहेत. छातीवर येईल."

"माहीत आहे."

तो उठला. दोन्ही बाजूंच्या पाच-पाच किलोच्या चकत्या काढून जागेवर ठेवल्या. अंदाज घेतला, आणखी अडीच-अडीच काढल्या. पंचेचाळीस उरले. शेजारी कुणीतरी कुजबुजलं, "बघ, किती खाली आले." त्याने ऐकलं. पुन्हा उताणा झाला, रॉड धरला आणि वाट बघत राहिला, पावलं दूर जाईपर्यंत.

मग वर पाहिलं. तिथे छत होतं. तीन वर्षांत ते त्याने पाहिलं नव्हतं. नेहमी मध्ये एक चेहरा असायचा. चुना पोपडे धरून सुटला होता, पंख्याची एक पात मेणबत्तीच्या धुराने माखल्यासारखी काळी होती, आणि आढ्याशी एक तडा होता, वाकड्या खिळ्यासारखा. त्याने श्वास घेतला, रॉड खाली आणला. छातीला टेकला. आणि तो ढकलायला लागला.